इन्फिनिट फ्यूजन: पहिल्या दोन बॅजपर्यंतची टीम, जोड्या कशा निवडाव्यात आणि कशा वाढवाव्यात

कोष्टकप्रेमी:

पोकेमॉन इन्फिनिट फ्यूजनबद्दल कुठेही विचारा, प्रश्न एकच असतो: "कोणाला कोणाशी जोडू?" आणि उत्तरादाखल लोक भन्नाट दिसणाऱ्या फ्यूजनची चित्रं टाकून मोकळे होतात. दिसायला भन्नाट आणि लढायला उपयोगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून हा धागा. फक्त सुरुवातीचा खेळ, म्हणजे पहिले दोन बॅज देणारे जिम लीडर ब्रॉक आणि मिस्टी यांच्यापर्यंतचा. पुढचं पुढे.

नवीन मंडळींसाठी: हा गेम चाहत्यांनी आरपीजी मेकर एक्सपीवर, पोकेमॉन एसेन्शियल्स वापरून बनवला आहे. कथा कांटोतली, म्हणजे पहिल्या पोकेमॉन गेममधल्या प्रदेशातली. डीएनए स्प्लायसर वापरला की दोन पोकेमॉनचा एक होतो. त्यातला एक हेड, दुसरा बॉडी. कोण हेड आणि कोण बॉडी, यावर जवळपास सगळं ठरतं.

हिशोब असा:

- एचपी (जीव), स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स: दोन तृतीयांश हेडचे, एक तृतीयांश बॉडीचे.
- अटॅक, डिफेन्स, स्पीड: दोन तृतीयांश बॉडीचे, एक तृतीयांश हेडचे.

हे नीट वाचलं तर लक्षात येईल की फ्यूजनचा कोणताही बेस स्टॅट (वरच्या सहांपैकी एकाचा मूळ आकडा) त्या दोघांतल्या चांगल्या आकड्याच्या वर जाऊच शकत नाही. सरासरीच ती. फ्यूजनने ताकद वाढत नाही, ताकदीची वाटणी बदलते. त्यामुळे जोडी निवडताना "काय मिळेल" यापेक्षा "काय गमावलं तरी चालेल" हे आधी ठरवायचं.

उदाहरणाला ॲब्रा आणि जिओड्यूड घेऊ. दशांश सोडले आहेत.

ॲब्रा हेड, जिओड्यूड बॉडी: एचपी ३०, अटॅक ६०, डिफेन्स ७१, स्पेशल अटॅक ८०, स्पेशल डिफेन्स ४६, स्पीड ४३. बेरीज ३३०.

जिओड्यूड हेड, ॲब्रा बॉडी: एचपी ३५, अटॅक ४०, डिफेन्स ४३, स्पेशल अटॅक ५५, स्पेशल डिफेन्स ३८, स्पीड ६६. बेरीज २७७.

तेच दोघे, फक्त जागा बदलल्या तर ५३ चा फटका. दुसऱ्या जोडीत ॲब्राचा १०५ स्पेशल अटॅक आणि जिओड्यूडचा १०० डिफेन्स, दोन्ही एक तृतीयांशाच्या खात्यात गेले आणि वाया गेले. स्प्लायसर वापरण्याआधी कागदावर दोन्ही बाजूंनी आकडे मांडायला दोन मिनिटं लागतात.

तिसरा_बॅज:

मांडणी आवडली. पण ॲब्रा-जिओड्यूड सुचवताय की फक्त उदाहरण आहे? सायकिक-रॉक या टाइपला वॉटर, ग्रास, ग्राउंड, स्टील, बग, घोस्ट आणि डार्क अशा सात कमजोऱ्या आहेत. एचपी बेस ३०. हा पहिल्या ठोशाला झोपणार.

कोष्टकप्रेमी:

उदाहरणच होतं, पण तेवढंही टाकाऊ नाही. फ्यूज करताना एबिलिटी (पोकेमॉनची अंगची खास क्षमता) निवडता येते, तिथे जिओड्यूडची स्टर्डी घ्या. पूर्ण एचपीवर असताना कितीही मोठा फटका बसला तरी १ एचपी शिल्लक राहतो, म्हणजे एक चाल हक्काची. दुसरं म्हणजे ॲब्राला लेव्हल १६ ला कडाब्रा होईपर्यंत टेलिपोर्टशिवाय काही येत नाही. जिओड्यूडच्या मूव्हज असल्या की तो स्वतः लढून एक्सपी (लेव्हल वाढवणारा अनुभव) कमावतो, त्याला दर वेळी पुढे पाठवून लगेच बदलायची कसरत करावी लागत नाही.

अर्थात ब्रॉकसमोर याला बाहेर काढू नका.

तिसरा_बॅज:

ब्रॉकचा विषय निघालाच आहे तर सगळं एकदाच लिहून टाकतो, कारण नवखे अडकतात ते तिथेच.

सुरुवातीचा पोकेमॉन म्हणून बल्बसोर घेतला असेल तर सगळे सांगतात, "वाइन व्हिप मार, झालं." बरोबर आहे, पण वाइन व्हिप ही फिजिकल मूव्ह आहे. ती अटॅकवर चालते, आणि बल्बसोरचा अटॅक ४९ तर स्पेशल अटॅक ६५. म्हणजे त्याचा चांगला स्टॅट या मूव्हला लागूच होत नाही. मँकी हाती लागला तर बल्बसोर हेड, मँकी बॉडी करा. अटॅक ६९, स्पीड ६१, एचपी ४३. लेव्हल १२ ला, आयव्ही (जन्मजात गुण) १५ धरून, एकट्या बल्बसोरचा अटॅक १८ येतो आणि या जोडीचा २३. पावपट वाढ, तीही एका स्प्लायसरमध्ये.

टाइप होतो ग्रास-फायटिंग. दोन्ही रॉकवर दुप्पट चालतात आणि फायटिंगमुळे रॉक मूव्हज निम्म्याने लागतात. मोल एकच: फ्लाइंग चौपट लागतं. ब्रॉक संपेपर्यंत आणि नंतरही रस्त्यावरच्या पिजीसमोर याला उभा करू नका, एक साधा गस्टसुद्धा महागात पडतो.

चारमँडरवाल्यांनीही हीच बॉडी वापरावी. चारमँडर एकटा रॉकला कमजोर, पण मँकी बॉडी असली की फायटिंगचा अर्धा आणि फायरचा दुप्पट मिळून रॉक साध्या मापाने लागतं. अटॅक ७०, स्पीड ६८. एम्बर विसरा, लो किक वापरा. लो किकची ताकद समोरच्याच्या वजनावर ठरते: २०० किलो किंवा जास्त असेल तर १२०. ऑनिक्स २१० किलोचा आहे. जिओड्यूड मात्र २० किलोचा, त्याच्यावर तीच किक ४० ची होते. तिथे कराटे चॉप मारा.

स्क्वर्टलवाल्यांना ब्रॉकची फिकीर नाही. पहिला स्प्लायसर मिस्टीसाठी राखून ठेवा.

मधलीआळी:

टाइप कसा ठरतो हे कोणी नीट सांगेल का? झुबॅटच्या बॉडीवर पिजीचं हेड लावलं तर फ्लाइंग-पॉयझन आलं. नॉर्मल कुठे गेलं?

कोष्टकप्रेमी:

नियम तीन आहेत, या क्रमाने लावा.

हेड आपला पहिला टाइप देतं. बॉडी आपला दुसरा टाइप देते. दुसरा नसेल तर पहिला. बॉडीचा दुसरा टाइप हेडने आधीच दिला असेल तर बॉडीचा पहिला येतो.

यावर अपवादांची एक यादी आहे. नॉर्मल-फ्लाइंग पक्षी फक्त फ्लाइंग देतात, त्यामुळे पिजीने फ्लाइंग दिलं. झुबॅट पॉयझन-फ्लाइंग, त्याचा दुसरा टाइप आधीच आलाय म्हणून पॉयझन आलं. हिशोब जुळला. याच यादीत जिओड्यूड आणि ऑनिक्स फक्त रॉक देतात, बल्बसोर फक्त ग्रास, गॅस्टली फक्त घोस्ट, ग्याराडोस फक्त वॉटर.

या अपवादांचा फायदाच जास्त. जिओड्यूडचं ग्राउंड गळतं, म्हणजे वॉटर आणि ग्रासची चौपट कमजोरी दुपटीवर येते. ग्याराडोसचं फ्लाइंग गळतं, तिथे इलेक्ट्रिकची चौपट भीती संपते.

निशाचर९:

मॅजिकार्पबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. सुरुवातीच्या टीममध्ये सगळ्यात मोठी उडी तिथेच आहे, फक्त बहुतेक जण ती उलट्या बाजूने मारतात.

फ्यूजनमधला कोणताही भाग आपल्या लेव्हलला पोहोचला की तो तिथेच इव्हॉल्व्ह होतो, म्हणजे पुढचं रूप घेतो. मॅजिकार्प लेव्हल २० ला ग्याराडोस. ग्याराडोसचा अटॅक १२५, स्पीड ८१. हे दोन्ही स्टॅट बॉडीच्या खात्यातले, म्हणून शेवटी त्याला बॉडीतच हवं. माचॉप हेड, ग्याराडोस बॉडी: एचपी ७८, अटॅक ११०, डिफेन्स ६९, स्पीड ६५. फायटिंग-वॉटर. फ्यूज करताना एबिलिटी नीट निवडा आणि इव्हॉल्व्ह झाल्यावर समरी उघडून इंटिमिडेट (समोरच्याचा अटॅक कमी करणारी एबिलिटी) आहे का पाहा.

अडचण ही की लेव्हल २० च्या आधी तीच मांडणी केली तर बॉडीत बसतो १० अटॅकचा मॅजिकार्प. जोडीचा अटॅक येतो ३३. माचॉपला चांगल्या मूव्हज असूनही त्या लागतच नाहीत.

म्हणून आधी उलटं जोडा: मॅजिकार्प हेड, माचॉप बॉडी. अटॅक ५६, डिफेन्स ५१, स्पीड ५०. एचपी ३६ येतो, तो कमी आहे, पण लो किक आणि कराटे चॉपच्या जोरावर लेव्हल वाढतात. २० ला ग्याराडोस झाला की डीएनए रिव्हर्सर वापरून हेड-बॉडी उलटवा. टाइप तेच दोन राहतात, फक्त क्रम बदलतो. अटॅक ९५ वरून ११० वर जातो आणि स्पीड ५० वरून ६५ वर. पुढे २८ ला माचॉपचा माचोक झाला की अटॅक ११६ आणि एचपी ८५.

एक उणीव सांगून ठेवते. वॉटर टाइप मिळाला तरी फिजिकल वॉटर मूव्ह लगेच मिळत नाही. तोवर वॉटरचा उपयोग फक्त फायर, आइस, वॉटर, स्टील निम्म्याने खाण्यापुरता.

तिसरा_बॅज:

रिव्हर्सरची युक्ती झकास आहे. मँकी-बल्बसोरला मात्र ती लागत नाही. बल्बसोर मोठा होईल तसा त्याचा स्पेशल अटॅक कामाचा होतो, तेव्हा तो हेडमध्येच बरा, पण बॉडी बदलायची वेळ येते.

पाटीपेन्सिल:

ईव्हीबद्दल, म्हणजे लढून मिळणाऱ्या गुणांबद्दल काय? प्रत्येक व्हिडिओत "सुरुवातीपासून ईव्ही सांभाळा" म्हणून सांगतात. जोडी ठरली की लगेच ट्रेनिंग सुरू करावं का?

कोष्टकप्रेमी:

इतक्यात नको. आकडेच बोलतील.

लेव्हल २० चा, बेस अटॅक ११०, आयव्ही १५ असलेला फ्यूजन घ्या. साध्या नेचरवर (स्वभावावर) अटॅक ५२. चाळीस मँकी मारून ४० अटॅक ईव्ही मिळवले तर ५४. चाळीस लढायांचे दोन पॉइंट. तेवढ्याच लढायांत जर दोन लेव्हल वाढल्या, तर लेव्हल २२ ला तोच अटॅक ईव्हीशिवाय ५६ होतो आणि बाकीचे स्टॅटही वाढतात. पूर्ण २५२ ईव्ही भरले तरी लेव्हल २० ला मिळतात फक्त १२ पॉइंट. चार ईव्हीला एक पॉइंट हा हिशोब लेव्हल १०० चा आहे. लेव्हल २० ला एका पॉइंटसाठी २० ईव्ही लागतात.

नेचर मात्र फुकटात १० टक्के देतं: ५२ चे ५७. फ्यूज करताना दोघांपैकी कोणाचं नेचर ठेवायचं ते निवडता येतं, तिथे डोळे उघडे ठेवा. फिजिकल जोडीला ॲडमंट किंवा जॉली, स्पेशलला मॉडेस्ट किंवा टिमिड. दोघांपैकी एकाचंही कामाचं नसेल तर जोडी लांबवून तोच पोकेमॉन पुन्हा पकडणं स्वस्त पडतं.

निशाचर९:

सहमत, एका दुरुस्तीसह. मुद्दाम ईव्हीमागे लागू नका, पण लेव्हल वाढवायचीच असेल तर कोणासमोर वाढवताय ते बघायला काय हरकत आहे? पिजी, रटाटा, झुबॅट, वीडल हे सगळे एक-एक स्पीड ईव्ही देतात. मँकी, माचॉप, एकान्स अटॅक देतात. जिओड्यूड आणि सँडश्रू डिफेन्स. कॅटरपी एचपी. सुरुवातीच्या गवतात स्पीड आपोआप भरतो, त्यामुळे मंद बॉडी घेतलेल्यांना हातभार लागतो.

आणि सहा जागा भरायच्या म्हणून सहा जणांना थोडं थोडं वाढवू नका. एक ना धड भाराभर चिंध्या. मिस्टीपर्यंत चार पुरतात: दोन फ्यूजन मारायला, एक झोपवणारा, एक रिकामी जागा नवीन पकडलेल्यासाठी.

मधलीआळी:

झोपवणारा म्हणजे कोण?

निशाचर९:

बटरफ्री. कॅटरपी लेव्हल ७ ला मेटापॉड, १० ला बटरफ्री. एबिलिटी कंपाउंड आइज: अचूकता १.३ पट. स्लीप पावडरची ७५ टक्के अचूकता त्यामुळे ९७.५ वर जाते. एवढ्या लवकर एवढा भरवशाचा झोपवणारा दुसरा नाही. याला फ्यूज करू नका, किंवा केलाच तर कंपाउंड आइज हातची जाऊ देऊ नका. ती गेली की पावडर चारात एकदा फसते, आणि फसते तेव्हा नेमकी जिममध्ये.

ॲब्रा पकडायलाही हाच. ॲब्रा पहिल्याच चालीला टेलिपोर्ट करून पळतो. पूर्ण एचपीवर साध्या बॉलने पकडला जाण्याची शक्यता साधारण चारात एक. बटरफ्रीचा स्पीड ७०, ॲब्राचा ९०, म्हणून बटरफ्रीची लेव्हल चार-पाचने जास्त असेल तरच पावडर आधी पडते. झोपला की बॉल लागण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. लेव्हल जुळत नसेल तर झोपवायच्या भानगडीत पडू नका, पहिल्या चालीला सरळ बॉल फेका.

पाटीपेन्सिल:

मिस्टीसाठी पिकाचू बॉडी ठरली आहे. हेड बल्बसोर की ॲब्रा?

तिसरा_बॅज:

दोन्ही चालतात, खेळायची पद्धत वेगळी.

ॲब्रा हेड, पिकाचू बॉडी: स्पेशल अटॅक ८६, स्पीड ९०, पण एचपी २८ आणि डिफेन्स ३१. सायकिक-इलेक्ट्रिक. ॲब्राला मूव्ह नसण्याची अडचण पिकाचूचा थंडर शॉक सोडवतो. तो स्पेशल आहे, म्हणजे ८६ वरच चालतो. आधी मारा आणि मारूनच टाका. एक फटका खायची वेळ आली तर संपलं.

बल्बसोर हेड, पिकाचू बॉडी: स्पेशल अटॅक ६०, स्पीड ७५, एचपी ४१, डिफेन्स ४३, स्पेशल डिफेन्स ६०. ग्रास-इलेक्ट्रिक. मारा कमी, पण वॉटर मूव्हज निम्म्याने लागतात आणि लीच सीड (समोरच्याचा एचपी शोषणारी मूव्ह) लावून तग धरता येतो. ग्राउंड आणि फ्लाइंग साधं लागतं, कारण दोन्ही टाइप एकमेकांची कमजोरी खोडतात. उरतात फायर, आइस, पॉयझन, बग. मिस्टीच्या टीममध्ये आइस मूव्ह असेल तर तेवढी एक जपा.

लेव्हल मिस्टीच्या बरोबरीची असेल तर ॲब्रा. दोन-तीनने मागे असाल तर बल्बसोर, कारण मागे असताना स्पीडचा भरवसा धरता येत नाही आणि ॲब्राचं सगळं स्पीडवर टेकलेलं आहे.

कोष्टकप्रेमी:

मिस्टीसमोर जाण्याआधी समोरच्याचा टाइप बघूनच चाल ठरवा. या गेममध्ये जिम लीडर म्हणजे जुन्या गेममधली ओळखीची टीम असेलच असं नाही. फ्यूजन समोर आलं की नुसत्या चेहऱ्यावरून अंदाज बांधून इलेक्ट्रिक मारलं आणि बॉडी ग्राउंडची निघाली, असं होतं.

अवांतर: पुढे गॅस्टली मिळाला की पिकाचूची हीच बॉडी परत कामाला येते. गॅस्टली हेड, पिकाचू बॉडी: घोस्ट-इलेक्ट्रिक, स्पेशल अटॅक ८३, स्पीड ८६. गॅस्टलीची लेव्हिटेट निवडली की ग्राउंड लागत नाही, आणि नॉर्मल-फायटिंग तर घोस्टमुळे लागतच नाही. कमजोऱ्या उरतात दोन: घोस्ट आणि डार्क. फक्त लिक या मूव्हवर विसंबू नका. ती फिजिकल आहे, आणि या जोडीचा अटॅक ४८. थंडर शॉक मारा, झोपवायला हिप्नोसिस ठेवा.

मधलीआळी:

म्हणजे स्प्लायसर वापरण्याआधी काय काय तपासायचं?

निशाचर९:

दोघांची लेव्हल जवळपास सारखी आणा, म्हणजे कोणाची मेहनत वाया जायचा प्रश्न नको. मग सेव्ह करा. समरीत प्रत्येक मूव्हपुढे फिजिकल की स्पेशल ते बघा आणि मुख्य मूव्ह ज्या स्टॅटवर चालते तो स्टॅट योग्य जागी आहे का ते पाहा: स्पेशल असेल तर हेडमध्ये, फिजिकल असेल तर बॉडीत. वेग हवा असेल तर तो मुख्यतः बॉडीतून येतो, हेडचा वाटा एक तृतीयांशच. शेवटी मूव्हज निवडायच्या स्क्रीनवर घाई करू नका. दोघांच्या मिळून आठ मूव्हज असू शकतात आणि जागा चारच, त्यामुळे ग्रोल, टेल व्हिप, लीअर यातल्या दोन ठेवून कराटे चॉप सोडून देणारे बरेच सापडतात.

तिसरा_बॅज:

आणि रिव्हर्सर बॅगेत एक जास्तीचा ठेवा. मॅजिकार्पवाले तो लेव्हल १९ ला शोधत फिरतात.